पलंगासमोरची भिंत

डहाणू स्टेशनजवळच्या एका पडद्यांच्या दुकानात मी चौदा वर्षं काम करते आहे. पडदे, सोफ्याचं कापड, गाद्या, भिंतीला लावायचे कागद, सगळं आमच्याकडे मिळतं. माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण मेजरिंग टेप असतेच. समुद्राकडच्या बंगल्यांतून किंवा चिकूच्या वाड्यांतल्या नव्या घरांतून बोलावणं आलं की शेठ मलाच पाठवतात. खोलीत पाय टाकला की काय चुकलंय ते मी तोंडावर सांगते. बाथरूमच्या वाटेत टीपॉय कशाला? म्हातारं माणूस उठणार कुठून, या गादीत तर ते रुतून बसेल. लोकांना राग येतो, पण दोन दिवसांनी गेलं तर टीपॉय हललेला असतो.

अशी मी शहाणी, आणि सख्ख्या आईची एक खोली लावताना तोंडावर आपटले. कशी, ते सांगते.

आई उधव्याच्या पुढे एका पाड्यावर एकटी राहते. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी एकटीच, माझ्यामागची भावंडं जगली नाहीत. आमचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमाती थापायची, तशा भिंती. गेल्या पावसाळ्यात त्यातली मागची, वाळवीने पोखरलेली भिंत कोसळली. आई झोपते तिथून ती हातभर अंतरावर होती. मी धावत गेले तर आई म्हणते, "बाहेरच्या अंगाला पडली ना? मंग?" जणू भिंतीने तिला विचारून बाजू निवडली होती.

घराशेजारीच सरकारी घरकुल बांधून तयार होतं. सिमेंटची पक्की खोली, मागे छोटंसं स्वयंपाकघर, लोखंडी दार. तीन वर्षं त्यात भाताच्या कणग्या, गवताचे भारे आणि कोंबड्या सुखाने नांदत होत्या आणि आई शेजारच्या पडक्या घरात चुलीच्या धुरात खोकत होती. आमच्या पाड्यावर अशी आणखी बरीच घरकुलं आहेत. म्हाताऱ्या माणसांना त्यात झोप येत नाही. उन्हाळ्यात भट्टी, पावसात पत्र्याचा आवाज, आणि पायाला जमीन गार लागते पण ओळखीची लागत नाही, असं आई म्हणायची. मी ठरवलं, या वर्षी पाऊस लागायच्या आत आईला त्या खोलीत झोपवायचं. दुसरी भिंत कुठल्या अंगाला पडेल याची वाट मी बघणार नव्हते. मला खरंच भीती वाटत होती. रात्री डहाणूत वारा सुटला की मी उठून बसायचे.

शेठ मूळचे उंबरगावचे. दुकानात ते नवीन मुलींना एक गोष्ट नेहमी सांगतात, "बेन, पहिली भिंत विकायची, पडदा पाठीमागून आपोआप जाते." म्हणजे गिऱ्हाइकाला खोलीत त्याचं स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे. लग्नाचा फोटो, आजीची फुलकारी, मुलाने काढलेलं चित्र. मग तो खोलीचा होतो. मी हे शेकडो वेळा वापरलंय आणि एकदाही फसले नव्हते.

मार्चपासून दर रविवारी मी पाड्यावर जाऊ लागले. डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून उधव्याची जीप, पुढे चालत. टेप काढली तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "पोशी, माझां माप घेतीस का घराचां?" आमच्यात मुलीला पोशी म्हणतात. मी म्हटलं, दोघांचंही. आणि खरंच घेतलं. तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत, कोपरापासून जमिनीपर्यंत. तिला खाली बसून उठता येत नाही, हे तिने कधी सांगितलं नव्हतं, पण मला दिसत होतं. गावातल्या सुताराकडून तिच्या गुडघ्याच्या उंचीचा सागाचा पलंग करून घेतला. हात वर न करता पोचेल अशी फळी ठोकली. पाण्याच्या मडक्यांसाठी दाराशेजारी ओटा बांधला. चूल मागच्या स्वयंपाकघरात मांडली आणि त्याच्या भिंतीत वर जाळीच्या विटा बसवल्या, म्हणजे धूर बाहेरच्या बाहेर जाईल. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधल्या, त्यांनी उन्हाची झळ आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. कोयता अडकवायला दाराच्या आत खिळा, कपडे टाकायला आडवी वलणी.

जमिनीने मात्र छळलं. मी फरशी बसवायला निघाले होते. आई म्हणाली, "पाय सरकून मेली तर तूच रडशील." गुळगुळीत सिमेंटवर शेणाचं सारवण धरत नाही, पोपडे निघतात. शेवटी गवंड्याला सांगून सिमेंटला टोचे मारून घेतले आणि त्यावर सारवलं. तेव्हा आईने पहिल्यांदा चपला बाहेर काढल्या. भिंतींना शेण आणि गेरू कालवून हात दिला. खोली लाल झाली आणि एकदम आपली वाटायला लागली.

मग आई हळूहळू फितूर झाली. एका रविवारी गेले तर कोयता नव्या खिळ्याला. पुढच्या रविवारी वलणीवर तिचं लुगडं. त्यानंतर एका दुपारी मी जेवून आले तर ती पलंगावर आडवी होऊन घोरत होती. मी दारातच उभी राहिले. इतका आनंद मला कुठल्याच गिऱ्हाइकाच्या घरी झाला नव्हता.

तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण पलंगासमोरची भिंत रिकामी होती आणि रिकामी भिंत मला बघवत नाही.

आमच्यात लग्नघरी आतल्या भिंतीवर चौक काढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. नक्षीची चौकट, मधे देवी, बाजूला चंद्र, सूर्य, घोडा. तो काढायचा सवासिणींनी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि देवीला बोलावते. आता ही चित्रं डहाणूत चहाच्या ट्रेवर, हॉटेलांच्या भिंतींवर, आमच्या दुकानातल्या पडद्यांवरही आहेत. मी स्वतः ते पडदे मीटरवर विकते. मी पहिलीपासून आश्रमशाळेत राहिले, सुट्टीपुरती घरी यायचे. चौक मला माहीत होता तो असा, थोडा आठवणीतला आणि थोडा कॅटलॉगातला.

मला वाटलं, आईच्या समोर तिच्याच लग्नाचा चौक असावा. आई सुकट निवडत होती तेव्हा मी सहज विचारलं, "तुझ्या लग्नाच्या चौकात काय काय काढलं होतं गं?"

आईने वर बघितलं नाही. "आथां कोन आठवतंय," म्हणाली आणि सुकटीतले खडे वेचत राहिली. मला वाटलं, विसरली. विसरलेली गोष्ट परत मिळाली तर माणूस किती खूश होईल, असंही वाटलं.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा लागली. आईची बहीण विवळवेढ्याला असते. आई दोन दिवस तिच्याकडे गेली. मी दुकानातून सुट्टी काढली आणि पाड्यावर आले. तांदूळ भिजवले, वाटले, बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला आणि दोन दिवस भिंतीशी उभी होते. माझा हात चांगला आहे, आश्रमशाळेत चित्रकलेत माझा पहिला नंबर असायचा. चौकट काढली, तिच्यात नक्षीच्या ओळी, मधे देवी. बाजूला घोड्यावर दोघं, आई आणि वडील. वडिलांच्या हातात मी त्यांची काठी दिली. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा काठी काढताना मला रडू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी दारात आली. ती आमच्या पाड्यावर लग्नांत चौक काढते. तिने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, जळली.

संध्याकाळी आई आली. तिच्या डोक्यावर नवं कोरं मडकं होतं. विवळवेढ्यापासून जीपमध्ये मांडीवर घेऊन बसली होती ते. जुन्या घरात तीन मडकी धडधाकट होती, म्हणजे हे कशासाठी ते मला कळलं. माझ्या ओट्यासाठी. ती स्वतःहून सामान आणत होती. मी तिचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं आणि दार उघडलं.

आई उंबऱ्यात थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने मडकं बाहेरच, भिंतीला टेकवून ठेवलं आणि जुन्या घरात निघून गेली.

मी मागे गेले. ती चुलीपाशी बसली होती, चूल पेटवली नव्हती.

"हा कोनाचा चौक?" तिने विचारलं.

"तुझा. तुझ्या लग्नाचा."

"माझां लगीन नाय झालां."

मला वाटलं ती रागाने काहीतरी बोलते आहे. पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला समजावून सांगत होती, जसं लहानपणी भात कसा झोडायचा ते सांगायची.

"मी गठुडां घेऊन तुझ्या बासच्या घरी आली. दोघां राहाया लागलूं. लगीन करायचां तर पाड्याला जेवण पायजे, तांदूळ पायजे, ताडी पायजे. दरसाल बोलायचूं, भात निघाला का करू. मंग तू झालीस. मंग बीजी पोरां झाली, गेली. मंग राहूनच गेलां."

आमच्याकडे अशी कितीतरी घरं असतात. नांदायला लागायचं आणि लग्न पुढे कधीतरी, सवडीने. कोणी नावं ठेवत नाही. हे मला माहीत होतं. माझ्याच घरात ते होतं, हे मात्र पस्तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला वेगळी सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही.

"लाज नाय त्यात," आई म्हणाली. "पन लगीन नाय झालां तर चौकाला हात नाय लावायचा. तू देवी बसवलीस. ती लग्नाला येते. आथां तिला काय सांगू? तो तर गेला."

मग मला एकेक आठवायला लागलं. सुट्टीत आले की पाड्यावरच्या लग्नांना आम्ही जायचो. बाकीच्या बाया आत भिंतीशी, आणि आई अंगणात उखळापाशी तांदूळ कांडत. मला वाटायचं, तिला चित्र काढता येत नाही. एकदा मी तिला चिडवलंही होतं त्यावरून.

त्या रात्री ती पडक्या घरात झोपली. त्यानंतरही तिथेच. कोयता परत नेला, लुगडं परत नेलं. मडकं बाहेरच राहिलं. मी रविवारी येत होते आणि दर वेळी आकाशाकडे बघत होते.

शेवटी मी काकीकडे गेले. म्हटलं, बघितलंस तेव्हाच सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुना कोन सांगील? तू टेप घेऊन फिरतीस." मग तिनेच धवलेरीला विचारून उपाय आणला. फार काही नव्हतं. देवीला नारळ द्यायचा, तांदूळ वाहायचे, येऊ नको म्हणून सांगायचं आणि भिंत सारवून टाकायची. लग्नाचा खरा चौकही पुढच्या सारवणात जातोच. मी निघाले तशी काकी म्हणाली, "तुझ्या लग्नात झालां असतां त्यांचां. तेव्हा तो होता. पोशीचां लगीन लावायच्या आधी आयसबासचां लावतात, त्याच मांडवात. तुमी लगीन हॉलात केलां."

मी तिथेच तिच्या ओटीवर बसले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं लग्न डहाणूत ठरलं होतं. नवरा शहरातला, त्याच्या घरचे लोक चांगले, पण मला आमचं कुडाचं घर त्यांना दाखवायचं नव्हतं. मी हॉल घेतला होता आणि स्टेजच्या मागचं कापड आमच्याच दुकानातून, माझ्या हाताने कापत होते. तेव्हा वडील आले. उधव्याहून दोन गाड्या बदलून आले होते. पायाला चिखल होता म्हणून ते दुकानाच्या पायरीखालीच उभे राहिले. मीच बाहेर गेले, गळ्यात टेप तशीच.

"घरीच करू ना लगीन," ते म्हणाले. "चौक काढू."

मी म्हटलं, "आपलं घर बारा बाय चौदा. त्यांची साठ माणसं कुठे बसवू?"

त्यांनी चिखलाचा पाय पायरीच्या कडेला पुसला. मग पुन्हा म्हणाले, "घरीच झालां तर बरां. आयसला बी बरां वाटंल."

मला वाटलं, आईला शहरात यायला अवघड वाटतंय. मी म्हटलं, तिला मी नवी साडी घेतली आहे, तिची काळजी करू नका. आत गिऱ्हाईक उभं होतं. ते "बरां" म्हणाले आणि बसकडे गेले. पुढच्या वर्षी ते वारले.

नारळ दिला तो दिवस मे महिन्याच्या अखेरीचा होता. ढग येऊन जात होते. काकीने तांदूळ वाहिले, देवीशी काय बोलायचं ते बोलली आणि गेली. मी गेरू आणि शेण कालवलं आणि कडेपासून भिंत सारवायला घेतली. चंद्र, सूर्य, घोडा. वडिलांची काठी आली तेव्हा मी डोळे मिटून हात फिरवला.

आई आत कधी आली ते कळलं नाही. तिने लुगड्याचा पदर खोचला, घमेल्यातून मूठभर गेरू घेतला आणि माझ्या शेजारी उभी राहून सारवायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. उरली फक्त मधली देवी.

"काकी बोलली तुना?" आईने विचारलं.

"हो."

"मीच धाडला होता त्याला दुकानात. बोलली, पोशीला विचार. जाऊन आला आन् बोलला, पोशी कामात होती, मी विचारायचां इसरलो." तिने घमेल्यातून आणखी गेरू घेतला. "लय भांडली मी त्याच्याशी. एवढां कसां इसरतंय मानूस?"

मला गप्प बसता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं, आणि मी तिच्या नजरेत चांगली मुलगी राहिले असते. पण वडील तिथे नसताना त्यांच्यावर आणखी ओझं टाकणं मला जमेना.

"ते विसरले नव्हते," मी म्हटलं. "विचारलं होतं. मीच नाही म्हटलं."

आईचा हात भिंतीवर थांबला. ती आता मला काय बोलेल याची मी वाट बघत होते. बोलली असती तर बरं झालं असतं.

"बोलला होता?"

"हो. घरी करू म्हणाले. चौक काढू म्हणाले."

"एकदा?"

"दोनदा. तुलाही बरं वाटेल म्हणाले."

"दोनदा," आई म्हणाली. ती भिंतीकडेच बघत होती. "माना वाटलां, त्यालाच नको होतां. इतकी वर्सं वाटलां."

मग तिने घमेल्यात हात बुडवला आणि देवीवरून फिरवला. घाई केली नाही. खालून वर, पुन्हा खालून वर, नीट कडेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात चौकाला लागत होता, आणि तो पुसायला. मी बाजूला उभी राहून बघत होते. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

भिंत सगळी लाल झाली तेव्हा ती बाहेर गेली. मडकं धुऊन, भरून आत आणलं. मी बांधलेल्या ओट्यावर ते ठेवलं, मग सरकवून दुसऱ्या टोकाला नेलं, तिच्या डाव्या हाताला. कोयता आणून खिळ्याला अडकवला. पलंगावर बसली, पाय जमिनीला नीट टेकले, आणि त्या ओल्या भिंतीकडे बघत आडवी झाली. थोड्या वेळाने तिला झोप लागली.

ती आता त्याच खोलीत राहते. जुन्या घरात कोंबड्या आहेत.

त्या दुपारी मी बाहेर पायरीवर बसून नखांतला गेरू काढत होते. वडील दोन गाड्या बदलून आले होते आणि मी त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. तेवढं तिला अजून सांगितलेलं नाही.